वाल्टर काउफमान यांचीं मुंबईंतील बारा वर्षें

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत इतिहासाचा एक लेख असावा अशी मंडळींची इच्छा पडली, आणि तें काम आमच्याकडे आलें. मंदिराचा, शाळेचा व जुन्या कुटुंबांचा वृत्तांत इतर पानांवर अधिक जाणत्या लेखणीनें आला आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आम्हीं निवडलेला इतिहास एका सुरावटीचा आहे. नांदगाव पेठेंत ज्या ज्या घरांत पूर्वीं रेडिओ होता, त्या त्या घरांत ती पहांटे वाजलेली आहे. नागपूरचें केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून वऱ्हाडांतील शेतकऱ्याची, मास्तरांची, पहिली मोटर गांठण्याच्या घाईंत असलेल्या विद्यार्थ्याची सकाळ तिनेंच उघडली. प्रथम तंबोऱ्याचा घुमारा, मग त्यावर एकट्या व्हायोलिनचे चार स्वर, पुन्हा पुन्हा तेच. आणि मग निवेदकाचा नमस्कार.

ही सुरावट ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांस ती कोणा वृद्ध पंडिताची कृति वाटत आली आहे. वस्तुतः तिचा कर्ता बोहेमियांतील एक ज्यू वादक व संगीतरचनाकार होता, आणि ती त्यानें रचली तेव्हां त्यास हिंदुस्थानांत येऊन फार वर्षें झालीं नव्हतीं. श्रेयाच्या बाबतींत मधून मधून दुसरींहि नांवें घेतलीं जातात. परंतु वाल्टर काउफमान हेंच नांव आज सामान्यतः मान्य झालें आहे.

काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजीं कार्ल्सबाद येथें झाला. हें गांव तेव्हां ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होतें, पुढें चेकोस्लोव्हाकियांत गेलें, आणि आज कार्लोव्ही व्हारी या नांवानें चेक प्रजासत्ताकांत आहे. ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं तें युरोपांत विख्यात असून, रोगी व श्रीमंत अशा दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांचें मन रमविण्यासाठीं तेथें वादकांस सदा मागणी असे. तरुण वाल्टर बर्लिनला गेले. तेथें फ्रान्झ श्रेकर यांच्यापाशीं रचनाशास्त्र व कुर्ट झाक्स यांच्यापाशीं संगीताचा इतिहास शिकले. झाक्स हे जगांतील वाद्यांचे मोठे अभ्यासक. युरोपाबाहेरहि संगीत आहे ही गोष्ट शिष्यांच्या कानीं घालणारे त्या काळीं थोडे गुरु होते, त्यांपैकीं ते एक. ब्रूनो वाल्टर यांच्यासारख्या अग्रगण्य वादकसंघ-चालकाच्या हाताखालीं काउफमान यांनीं बर्लिनच्या संगीतनाट्यगृहांत काम केलें. त्यांच्या रचना वाजूं लागल्या, नांव होऊं लागलें. प्रागच्या जर्मन विद्यापीठांत त्यांनीं प्रबंधहि सिद्ध केला. परंतु आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझी तरुणांच्या स्थानिक संघटनेचे पुढारी आहेत असें कळतांच त्यांनीं ती पदवी घेण्याचें नाकारलें. पंचविशींतल्या माणसानें हातीं आलेली डॉक्टरकी अशी टाकून द्यावी हें सोपें नव्हे.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली, आणि ज्यू वादकांस तेथील नाट्यगृहांचीं दारें एकामागून एक बंद झालीं. १९३४ च्या फेब्रुवारींत काउफमान मुंबईच्या बंदरांत उतरले. वयाचें सत्ताविसावें वर्ष चालू होतें. हिंदुस्थानच कां, या प्रश्नास त्यांनीं मागाहून जें उत्तर दिलें त्यांत कोठेंहि अध्यात्म नाहीं, पूर्वेची ओढ नाहीं. व्हिसा सहज मिळाला म्हणून आलों, इतकेंच ते सांगतात. आम्हांस हें उत्तर फार आवडतें.

आतां मुद्द्याची गोष्ट. येथें आल्यावर त्यांनीं हिंदी संगीताच्या तबकड्या मिळवून ऐकल्या. पहिली तबकडी त्यांस सर्वस्वीं परकी वाटली. कांहींच उमजलें नाहीं. आपलें म्हणणें त्यांनीं एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. त्याचा आशय असा कीं, हें संगीत हृदय व बुद्धि असलेल्या माणसांनींच निर्माण केलें आहे, लाखों लोक त्यावर प्रेम करीत असले पाहिजेत. तेव्हां दोष संगीताचा नसून सर्वस्वीं माझा आहे, आणि त्यावर उपाय एकच, तें जेथें जन्मलें तेथें राहून शिकणें.

हा दोष नेमका कोठें होता तें वाचकांस थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. युरोपीय संगीताची इमारत एकाच वेळीं वाजणाऱ्या अनेक स्वरांवर उभी असते. चार गळे चार निरनिराळे स्वर गातात, त्यांचा मेळ बसतो, आणि तो मेळ पुढें सरकत जातो. ऐकणाऱ्याचें सारें लक्ष त्या सरकण्याकडे. सर्व कांहीं कागदावर लिहिलेलें. आपल्याकडे तंबोरा षड्ज-पंचम धरून बसतो, तो हलत नाहीं. त्याच्यावर एकच गळा फिरतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातो, आणि त्या दोन स्वरांमधल्या वाटेंतच बहुतेक गंमत असते. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे. कोणत्या स्वरावर थांबावें व कोणत्यास निसटता स्पर्श करावा, याचा तो रिवाज आहे. मेळाच्या शोधांत बसलेल्या कानास येथें मेळ सांपडत नाहीं, आणि वाटेकडे लक्ष देण्याची संवय नसल्यामुळें वाट दिसत नाहीं. मग तो म्हणतो, येथें कांहीं घडतच नाहीं.

हें आम्ही इतक्या खात्रीनें लिहितों, कारण तो कान आमचाहि होता. सेमिनरींत आम्ही ग्रेगोरियन गायन व चार आवाजांचीं स्तोत्रें शिकलों, पेटीवर बोटें बसविलीं, आणि उत्तर कोंकणांतून वऱ्हाडांत आलों तेव्हां उपासनेचें संगीत कशास म्हणतात हें आपणांस ठाऊक आहे अशा भ्रमांत होतों. आमच्या पहिल्याच धर्मग्रामांत एक वृद्ध गृहस्थ उपवासकाळांतील दुःखसहनाचीं भजनें खंजेरीवर म्हणत. आम्हांस तो नुसता कलकलाट वाटला. आम्हीं ती खंजेरी बंद करविली व मुलांस दोन आवाजांचें एक गीत शिकविलें. गीत ठीक झालें. म्हातारबोवा पुढच्या शुक्रवारीं आले नाहींत. आम्ही विचारावयास गेलों, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "मंग मी आतां कायले येऊ जी, फादर?" दोन वर्षांनीं त्यांस मूठमाती देतांना आम्हीं लॅटिन स्तोत्र म्हटलें. तीं भजनें कोणी उतरून घेतलीं नव्हतीं. तीं त्यांच्याबरोबर गेलीं.

असो. काउफमान यांनीं मुंबईंत केलें तें असें. पोटापाण्यासाठीं व स्वतःच्या संगीताच्या भुकेसाठीं त्यांनीं आल्यावर थोड्याच महिन्यांत बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारीं विलिंग्डन जिमखान्यांत तिची बैठक भरे. पियानोवर स्वतः काउफमान, चेलोवर इटालियन वादक एडिजिओ वेर्गा, व्हायोलिनवर मेहली मेहता नांवाचे पारशी तरुण. श्रोते मोजकेच, पण तीन वर्षांत शंभराहून अधिक बैठकी झाल्या. मोहन भवनानी जर्मनींत चित्रपटविद्या शिकून आले होते; त्यांच्या चित्रपटांसाठीं काउफमान यांनीं संगीत दिलें. बर्लिनमध्यें मोठ्या रंगभूमीवर काम केलेल्या माणसास येथें हातांत येईल तो वादक, मिळेल तें वाद्य व निर्मात्याची घाई यांवर भागवावें लागलें. १९३९ सालीं प्रागचे टीकाकार विली हास हेहि नाझींच्या तडाख्यांतून निसटून मुंबईस पोंचले व भवनानींसाठीं पटकथा लिहूं लागले. युरोपांतील नामांकित माणसें अंधेरी-दादरकडच्या चित्रशाळांत हिंदी संवादांच्या मागेंपुढें बसून पोट भरीत आहेत, असें तें दृश्य असे.

१९३७ सालीं ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग काउफमान यांच्याकडे आला, व १९४६ पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. रेडिओची ती सुरावट या काळाशीं निगडित आहे. ती शिवरंजनीच्या अंगानें जाते. या रागांत मध्यम व निषाद वर्ज्य, गंधार कोमल. पांचच स्वर, आणि त्या कोमल गंधारामुळें येणारी एक प्रकारची हुरहूर. व्हायोलिन मेहली मेहतांनीं वाजविलें असें सांगतात. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, श्रेकरांच्या शिष्यानें त्या स्वरांखालीं पाश्चात्य मेळाचा एकहि थर घातला नाहीं. सोपें होतें; त्याचा हात त्यांतच तयार झाला होता. त्यानें खालीं तंबोरा ठेविला व तो हलूं दिला नाहीं. तीन-चार वर्षांपूर्वीं ज्यास ती तबकडी उमजली नव्हती, त्याच माणसाची ही कृति.

याच वेळीं दिल्ली केंद्रावर दुसरे एक युरोपीय संगीतकार होते, त्यांची हकीकतहि येथें सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं; कारण तिचा आपल्या पेटीशीं संबंध आहे. जॉन फोल्ड्स यांचा जन्म मँचेस्टरचा, १८८० सालचा. १९०० पासून तेथील हॅले वादकसंघांत ते चेलो वाजवीत. पहिल्या महायुद्धांतील मृतांसाठीं त्यांनीं रचलेली 'अ वर्ल्ड रिक्विएम' ही प्रचंड कृति १९२३ ते १९२६ पर्यंत दर युद्धविराम-दिनीं लंडनमध्यें झाली. गाणारे-वाजविणारे बाराशेंच्या आसपास. मग इंग्लंडास तिचा विसर पडला. १९३५ सालीं फोल्ड्स हिंदुस्थानांत आले. त्यांची पत्नी मॉड मॅकार्थी ही नामांकित व्हायोलिनवादक. तिनें त्याच्या पुष्कळ आधीं येथें येऊन हिंदी संगीत शिकून घेतलें होतें. फोल्ड्स यांनीं दिल्लीस देशी वाद्यांचा एक संच बसविला आणि त्या वादकांस लेखी स्वरांवरून वाजविण्याचें शिक्षण दिलें. १९३९ च्या एप्रिलांत त्यांची कलकत्त्यास बदली झाली, आणि तेथें पोंचल्यावर थोड्याच दिवसांत ते पटकीनें वारले. रिक्विएम पुन्हा अल्बर्ट हॉलमध्यें वाजली ती २००७ सालीं.

मृत्यूपूर्वीं फोल्ड्स यांनीं रेडिओच्या नियतकालिकांत हार्मोनियमवर कठोर टीका केली होती. तिचे स्वर समान अंतरावर ठोकून बसविलेले, तींत मींड निघत नाहीं, गायकाचा गळा ती बिघडविते, असा त्यांचा आक्षेप. हें पुष्कळ आपल्या पंडितांचेंहि मत होतें, व रवींद्रनाथ ठाकूरांसहि ही पेटी खपत नसे. रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन यांनीं मार्च १९४० पासून पेटीस रेडिओवर बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे एकतीस वर्षें. येथें मौज पाहा. ही पेटी मूळची पॅरिसची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांतली. मिशनरी लोकांनीं ती चर्चच्या गायनासाठीं हिंदुस्थानांत आणिली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास तिचे पाय काढून, हातानें भाता चालविण्याची सोय करून तिला जमिनीवर बसविलें. पुढें ती कीर्तनांत, तमाशांत, नाटकांत, कव्वालींत शिरली. बालगंधर्वांच्या मागें वाजली. आणि अशा रीतीनें पूर्ण देशी होऊन बसल्यावर तिला परकी म्हणून हांकलणारा एक इंग्रज निघाला! फोल्ड्स यांचा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीनें खोटा नव्हता. पण कान किती दिवसांत काय आपलेंसें करतो, हा प्रश्न शास्त्राचा नाहीं.

काउफमान बैठकी व रेडिओ यांवरच थांबले नाहींत. ते मैफलींत जात, शिकत, टिपणें करीत. आणि शहर सोडून दूरच्या अरण्यांतील लोकांचीं गाणीं ऐकावयास गेले. १९४१ सालीं अमेरिकेंतील एका प्रतिष्ठित संगीतविषयक त्रैमासिकांत गोंड व बैगा लोकांच्या गाण्यांवर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढें १९६० सालीं पहाडी माडिया व बस्तरच्या मुरियांच्या गाण्यांवर दुसरा. हे माडिया म्हणजे आपल्या गडचिरोलीला लागूनच्या रानांतले. नागपुराहून अमरावतीस येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्यासारख्यांनीं त्या गाण्यांकडे कान दिला नाहीं, तो कार्ल्सबादच्या माणसानें दिला. तसें पाहिलें तर आपल्या दारचें संगीत तरी आपणांस कोठें ऐकूं आलें? ज्या काळांत काउफमान मुंबईस स्थिरावत होते, त्याच १९३५ सालीं आपल्या याच नागपूर रस्त्यावर मोझरीस तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज उभारला. त्यांची खंजेरी १९५५ सालीं विश्वधर्म परिषदेच्या निमित्तानें जपानपर्यंत गेली. आम्हांस ती ऐकूं यावयास वऱ्हाडांत कैक वर्षें काढावीं लागलीं.

आपल्या कॅथलिक वाचकांस येथें फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होईलच. १५७९ सालीं गोव्यास उतरलेल्या या इंग्रजानें मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचलें व १६१६ सालीं तें राचोलला छापलें. परंतु समुद्र न ओलांडतांहि हाच प्रवास केलेले लोक आपल्यांत झाले, त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत पोरांस अक्षरांबरोबरच स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. तेथून निघालेले शेंकडों वादक मुंबईच्या नृत्यगृहांत व चित्रशाळांत आले. त्यांस स्वर वाचतां येत, पण राग ठाऊक नव्हते. माजोर्डेचे अँथनी गोन्साल्विस हे १९२७ चे. वडील चर्चचे गायनमास्तर. १९४३ सालीं ते मुंबईस नौशाद यांच्या वादकांत आले, नांव कमावलें, आणि मग प्रसिद्ध सारंगीवादक रामनारायण यांच्यासारख्यांपाशीं बसून हिंदुस्थानी संगीत पहिल्यापासून शिकले. १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, रागांवर आधारलेल्या रचना लिहून झेवियर कॉलेजच्या प्रांगणांत वाजविल्या. १९६५ सालीं ते अमेरिकेस गेले. परत आले ते थेट माजोर्ड्याच्या घरीं, आणि चित्रपटांत पुन्हा दिसले नाहींत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्यें गुरूचें नांव गाण्यांत घातलें. साऱ्या देशानें तें गुणगुणलें, आणि तो खरा माणूस कोण हें फारच थोड्यांस ठाऊक होतें. २०१२ च्या जानेवारींत ते निवर्तले.

काउफमान यांस मायदेशीं परतावयाचें असतें तरी वाट राहिली नव्हती. १९३८ च्या ऑक्टोबरांत म्युनिकच्या करारानें कार्ल्सबाद हिटलरच्या राज्यांत गेलें. तेथील ज्यू वस्तीचें पुढें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं त्यांनीं मुंबई सोडली. प्रथम इंग्लंड, १९४७ सालीं कॅनडांतील हॅलिफॅक्स, १९४८ सालीं विनिपेग येथील नव्या वादकसंघाचे ते पहिले चालक झाले, १९५७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत प्राध्यापक. प्रत्येक ठिकाणीं नवे लोक, नवी भाषेची ढब, बर्फ. ज्या डॉक्टरकीवर त्यांनीं प्रागमध्यें पाणी सोडलें होतें तिच्यावांचूनच ते संगीतेतिहासाचे प्राध्यापक झाले, हें आम्हीं मुद्दाम नमूद करतों. उत्तर हिंदुस्थानांतील रागांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ सालीं निघाला, दक्षिणेकडील रागांवरचा १९७६ सालीं. मुंबई सोडून बावीस वर्षें लोटल्यावरहि ते त्या पहिल्या तबकडीचें उत्तर लिहीत होते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मेहली मेहतांनीं उलटी वाट धरली. ते फोल्ड्स यांच्याच जुन्या हॅले वादकसंघांत मँचेस्टरला गेले, तेथून अमेरिकेस; १९६४ सालीं लॉस एंजलिसला तरुणांचा वादकसंघ काढून त्यांनीं कित्येक वर्षें चालविला. त्यांचे चिरंजीव झुबीन यांचें नांव आतां जगभर आहे. मुंबईच्या त्या गुरुवारच्या बैठकींचें तें एक फळ.

काउफमान १९८४ सालीं अमेरिकेंत वारले. त्या दिवशीं सकाळींहि नागपूर केंद्र नेहमींप्रमाणें उघडलें, आणि ती सुरावट वाजली. निवेदकानें कोणाचें नांव घेतलें नाहीं, कारण तसा रिवाजच नव्हता.

१९६३ सालीं व्हॅटिकन महासभेनें उपासनेविषयींच्या आपल्या दस्तऐवजांत निरनिराळ्या लोकांच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असें स्पष्ट लिहिलें. म्हातारबोवांची खंजेरी आम्हीं बंद केली, त्यापूर्वीं कित्येक वर्षें तो दस्तऐवज सेमिनरीच्या कपाटांत होता, आणि आम्हीं त्यावर परीक्षाहि दिली होती. ज्युबिलीच्या मिस्साबलींत या वेळीं अर्पणाचें भजन खंजेरीवर होईल. पेटीहि असेल, फोल्ड्ससाहेबांची क्षमा मागून. तालमी दर गुरुवारीं संध्याकाळीं सात वाजतां धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर आहेत. ज्यांच्या घरीं वडीलधाऱ्यांनीं म्हटलेलीं जुनीं भजनें कोणास पाठ असतील, त्यांनीं त्यांस बरोबर घेऊन यावें; उतरून घेण्यासाठीं वही आम्हीं आणून ठेविली आहे.